पडवीचं शेवटचं कलम

जमना, शेवटी आपलं कलम मंजूर होऊन आलं.

तू जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुझं दिवसकार्य आटोपून मी डहाणूजवळ सरावलीला घरी परतले आणि थोड्याच दिवसांत पोस्टमन जाड पाकीट घेऊन दारात उभा राहिला. पाकिटावर तुझं नाव होतं. जमनाबाई, अध्यक्ष, पडवी. तो म्हणाला, "ज्यांचं नाव त्यांचीच सही लागेल." मी म्हटलं, "त्या आता सही करत नाहीत, माझी घे." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं.

उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. आपल्या पडवी संस्थेच्या न्यासपत्रात शेवटी एक कलम घालायला धर्मादाय कार्यालयानं परवानगी दिली होती. संस्था बंद झाली तर तिच्या मालमत्तेचं काय करायचं, एवढंच सांगणारं कलम. त्यावरून आपण दोघी भांडलो, महिनोन् महिने अबोला धरला, आणि ते नव्हतं म्हणून पडवी बुडाली. आता ते आलं तेव्हा पडवी बंद करायचा ठराव माझ्या टेबलावर पडलेला होता. म्हणजे जगायला हवं होतं तेव्हा ते मिळालं नाही, मरायला मात्र अगदी वेळेवर हजर. मी हसले, जमना. खरंच मोठ्यानं हसले. मग पायरीवर बसून रडले, आणि शेजारीण विचारायला आली तेव्हा तिच्यावर खेकसले.

तुझ्यावर लिहायला बसले तर हे असं होतंय. लोक मेलेल्या माणसाचं चांगलं आठवतात. मला तू आठवतेस ती भांडताना.

तलासरीच्या आश्रमशाळेत तू शिक्षिका आणि मी ऑफिसात. तुला कागद आवडत नसत, मला माणसांची गर्दी आवडत नसे. तुझे रजेचे अर्ज मीच लिहायची, तू नुसती सही ठोकायचीस आणि वर म्हणायचीस, "कारकून, काय लिहिलंस ते तरी सांग, नाहीतर मला कशानं बरं नाही तेच मला कळायचं नाही." तुझ्या तोंडून ऐकून तुझ्या पाड्यावरचे सगळे मला कारकूनबाय म्हणायला लागले. माझं कुंदा हे नाव तिथं कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

माझा नवरा गेला तेव्हा घरात नातेवाइकांची रीघ लागली होती. प्रत्येकजण काहीतरी समजावून सांगत होता. तू आलीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, सरळ मोरीत जाऊन बसलीस आणि खरकट्या भांड्यांचा ढीग घासून काढलास. मग पदराला हात पुसत म्हणालीस, "उद्या येते," आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस आणि पुन्हा मोरीत. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं आता वाटतं, पण तू ऐकून घेतलं नसतंस.

आपण दोघी निवृत्त झाल्यावर पडवी सुरू झाली ती तुझ्या भाचीच्या बाळंतपणापासून. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात तिला आणलं आणि तिच्याबरोबर पाड्यावरून अख्खं घर आलं. सासू, नणंद, दीर, दोन लहान पोरं, तांदळाचं गाठोडं आणि टोपलीत एक कोंबडी. रोग्याजवळ एकाच माणसाला राहता येतं हा तिथला नियम, आणि त्यात चूक काही नाही. बाकीचे कंपाउंडच्या भिंतीला लागून तीन दगडांची चूल मांडून बसले. मी तुला म्हटलं, "एवढ्या सगळ्यांनी यायची काय गरज होती?" तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी काही घाणेरडं बोलले. "आमच्यात दुखण्याच्या माणसाला एकट्याला सोडत नाहीत. त्याचं घर त्याच्यामागून चालत येतं." मग जरा थांबून म्हणालीस, "तुमच्यात नुसता डबा येतो."

ते मला लागलं होतं. खरं होतं म्हणून लागलं होतं.

मग ते दवाखान्यामागचं जुनं घर तूच शोधून काढलंस. मालक सुरतेला, घर बंद, कौलं बरी, आणि पुढे लांबलचक पडवी. भाड्यानं घेतलं. पडवीत भिंतीकडेला तीन चुली घातल्या, आत झोपायला चटया, मागे न्हाणीघर. एवढीच आपली संस्था. मी नाव सुचवलं होतं, "ग्रामीण व आदिवासी रुग्ण-नातेवाईक साहाय्य आणि सर्वांगीण विकास प्रतिष्ठान." तू म्हणालीस, "हे नाव घेता घेता रोग्याला धाप लागेल." आणि पडवी ठेवलंस. मी रागावले, पण पहिल्यांदा पाटी रंगवून आली तेव्हा मलाच ती सारखी बघावीशी वाटत होती.

भांडी विकत घ्यायची माझी इच्छा होती. बोईसरला घाऊक दुकान आहे, पावती मिळते. तू म्हणालीस, "विकतचं भांडं कशाला? पाड्यावर लग्न असलं की भांडी कुठून येतात?" लग्नघरी दर घरचं एक भांडं जातं. त्यावर मालकाचं नाव ठोकलेलं असतं, जेवणावळी उठल्या की ज्याचं त्याच्या घरी घासूनपुसून परत. पडवीसाठी तू तसंच सांगितलंस. दर घरानं एक भांडं द्यायचं, आणि काम संपलं की भांडं आपल्या घरी येईल. हे तू सांगितलंस, माझ्यासमोर सांगितलंस, आणि मी तेव्हा काही बोलले नाही, कारण ते बोलणं तुमच्या बोलीत चाललं होतं आणि मला अर्धवटच कळलं. टोप, पातेली, कढया, पितळेची एक मोठी परात, ॲल्युमिनियमची डेचकी, सगळ्यांवर ठोकलेली नावं. सायजूबायनं दिलेलं पातेलं तर तिच्या लग्नातलं होतं.

मग न्यासपत्र. मी ते मनापासून तयार केलं होतं, जमना. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद केले, हा पहिलाच कागद माझा स्वतःचा वाटत होता. उद्देश, विश्वस्त, सभा, हिशेब तपासणी, सगळं कलमवार. तुझ्या अंगणात सगळे जमले होते. तू एकेक कलम वाचायचीस आणि तुमच्या बोलीत सांगायचीस. मान डोलवत होते सगळे. हसतही होते मधूनमधून, तू काहीतरी माझ्यावरून बोलत असणार. मग शेवटचं कलम आलं. संस्था बंद करावी लागली तर तिची सर्व मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, विश्वस्त किंवा सभासद यांच्यात वाटली जाणार नाही.

तू सांगितलंस आणि माना डोलायच्या थांबल्या.

सायजूबाय, तुझी चुलती, विश्वस्तांतली सगळ्यांत म्हातारी. अंगठ्याला शाई लावून बसली होती. तिनं अंगठा लुगड्याला पुसून टाकला. म्हणाली, "चूल अजून पेटली नाय, नी राख कुठं टाकाची ता तुमी आतांच लिहून ठेवतां? जन्माच्या कागदावर मरनाची गोष्ट कोन लिहितो?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "नी आमचा भांडा कोनाचे घरी जायेल? आमचा भांडा आमचेच घरी येल ना, जमनाबाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, नाही म्हणून. कायदाच तसा आहे. संस्थेला दिलेली वस्तू देणाऱ्याकडे परत जाऊ लागली तर ती संस्था कसली, तो तर भाड्याचा धंदा. तू कागद हातात घेतलास आणि पेनानं ते कलम आडवं खोडून टाकलंस. माझ्यासमोर. माझ्या टाइप केलेल्या कागदावर.

त्या दिवशी परत येताना आपण डहाणूपर्यंत जीपमध्ये शेजारी बसून एकमेकींशी बोललो नाही. घराशी उतरताना मी म्हटलं, "जमना, हा कागद नोंदला जाईल, पण पुढे अडकेल." तू म्हणालीस, "पुढचं पुढे. आज त्या म्हातारीच्या तोंडावर मी खोटं बोलू का?" मी म्हटलं, "खोटं तू आधीच बोलून बसलीयस, भांडी परत देईन म्हणून." तू जीपचं दार इतक्या जोरात लावलंस की ड्रायव्हर बडबडला.

ते भांडण आपलं कधी मिटलंच नाही. आजही मी त्याच जागी उभी आहे. तू काय म्हणत होतीस ते मला आज जास्त कळतं, पण बरोबर मीच होते. आणि बरोबर असून मला काय मिळालं ते तू बघतेच आहेस.

कागद नोंदला गेला. तात्पुरती करसवलतही मिळाली. सुरुवातीला सगळ्यांना मिळते ती, ठरावीक मुदतीत ती पक्की करून घ्यावी लागते. बारा-ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर कर नाही, आणि एटी-जी म्हणजे आपल्याला जो देणगी देईल त्याला त्याच्या करात सूट. हे तुला समजावताना माझा घसा कोरडा पडला होता. सगळं ऐकून तू म्हणालीस, "म्हणजे चांगलं काम करतो याचा दाखला सरकारकडून आणायचा, आणि तो बघून शेठ लोक आपल्याला चांगलं म्हणणार." मी म्हटलं, "हो, असंच." तू म्हणालीस, "मग आण."

दोनएक वर्षं नुसत्या चुली पेटत होत्या. मी तिथं हिशेबाला यायची आणि बसून राहायची. गर्दी न आवडणारी मी. तू मला एकदा पकडलंस, एका बाळंतिणीच्या सासूला मी कांदा चिरून देत होते. तू दारात उभी राहून नुसती हसलीस. त्या पडवीत किती माणसं आली आणि किती रडली, किती जणांनी बरं झालेल्या माणसाला मधे बसवून कोंबडी रांधली. मी बाहेरच्या बाकावर बसून हे बघायची आणि मला वाटायचं, आयुष्यात आपण एक तरी गोष्ट नीट केली. ती तू मला दिलीस. हे मी तुला सांगितलेलं नाही.

मग सुरतेच्या मालकानं घर विकायला काढलं, आणि चिकूवाले शेठ पुढे आले. त्यांच्या वाडीवरच्या मजुराची बायको आपल्याकडे राहून गेली होती. स्वतः येऊन बघून गेले, चुलीजवळ उकिडवे बसून भात खाल्ला. म्हणाले, "बेन, काम एकदम सरस छे. घर मी घेऊन देतो संस्थेच्या नावावर. पण एटी-जी पक्कं आहे ने? नाहीतर माझा सीए मला सोडणार नाय." मी म्हटलं, तात्पुरतं आहे, पक्क्यासाठी अर्ज करतोय. "तर मग थांबू आपण," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. शेवटपर्यंत फोन करून विचारत राहिला.

तो अर्ज आठवतो तुला? संकेतस्थळावर तुझा नंबर अध्यक्ष म्हणून दिलेला. मी वाणगावला सीएच्या ऑफिसात बसलेली, तू पाड्यावर. ओटीपी तुझ्या मोबाइलवर येणार आणि तुझ्या घरात रेंज नाही. मग तू मोबाइल घेऊन टेकडीवर चढायचीस. तिथं आपल्या टॉवरची रेंज नाहीच, हद्दीपलीकडची यायची, आणि ओटीपीच्या आधी "गुजरातमध्ये आपले स्वागत आहे" असा मेसेज. तू धापा टाकत आकडे सांगायचीस, इथं सीए टाइप करायचा, आणि मुदत संपलेली. पुन्हा पाठवा. तू वरून ओरडायचीस, "कारकून, तुझ्या त्या सरकारला सांग, मी म्हातारी आहे, जरा सावकाश मोज म्हणावं!" ऑफिसातले सगळे हसायचे, कारण स्पीकर चालू असायचा. मीही हसायची. ते आपलं शेवटचं हसणं असावं.

मग नोटीस आली. न्यासपत्रात विसर्जनाचं कलम आढळत नाही, खुलासा करा. मी खुलासा लिहिला. रागारागानंच लिहिला. काय लिहिणार होते? आमच्याकडे जन्माच्या कागदावर मरणाची गोष्ट लिहीत नाहीत असं? लिहिलं की लवकरच दुरुस्ती करू. अर्ज नामंजूर झाला. दुरुस्ती आधी करा, मग नव्यानं या. यात कुणाचीच चूक नव्हती हेच फार वाईट होतं. कुणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुझ्यावर ओरडले. पडवीतच, माणसांसमोर. तू म्हणालीस, "ओरडून झालं की सांग काय करायचं." मी म्हटलं, "पाड्यावर जा आणि तू दिलेला शब्द परत घे."

तू गेलीस.

त्याबद्दल मला नंतर सायजूबायनं सांगितलं, तू कधीच नाही. तू घरोघर गेलीस. एका सभेत सांगून मोकळं होता आलं असतं, पण तू प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन बसलीस आणि सांगितलंस, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तुमचं भांडं परत येणार नाही. पडवी राहिली तर पडवीत राहील, नाही राहिली तर परक्याच्या घरी जाईल. तरी सही द्या." सायजूबाय म्हणाली, "आमी तिचे तोंडाकडं बघून अंगठे दिले. कागदाकडं नाय बघितला. तिचा तोंड पार पडला होता, कारकूनबाय." शिकवलेल्या पोरांच्या आईबापांसमोर तू आयुष्यात पहिल्यांदा शब्द फिरवलास. आणि ते तू माझ्या कागदासाठी केलंस. तुझा त्यावर विश्वास नव्हता, माझा होता, म्हणून केलंस.

दुरुस्तीचा अर्ज गेला आणि तू आजारी पडलीस. याचा त्याच्याशी संबंध नाही, डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, आतून केव्हापासूनच पोखरलेलं होतं. तरीही.

तुला त्याच दवाखान्यात ठेवलं आणि तुझं घर तुझ्यामागून चालत आलं. तीनही चुलींवर तुझीच माणसं. पडवीत जागा उरली नाही तेव्हा ती भिंतीला लागून बसली, पहिल्यासारखी. मी तुला पेज घेऊन यायची. तू दोन घोट घ्यायचीस आणि विचारायचीस, "कलम आलं का?" मी म्हणायची, येईल. एकदा म्हणालीस, "आलं की मला लगेच सांग." आणि जरा वेळानं डोळे मिटूनच, "नको, नको सांगूस." मी तुझा हात धरून बसले. त्या हातावर नखाजवळ कोळशाचा काळा डाग होता, न जाणारा. मला तेव्हा म्हणायचं होतं की जमना, मरू दे ते कलम, मरू दे पडवी, तू राहा. पण आपल्यात असं बोलायची रीत नव्हती. मी म्हटलं, "पेज संपव."

तू गेलीस आणि सगळं एकाच वेळी सुटलं. घराचा सौदा झाला, तिथं बिल्डिंग होणार. आपल्या तात्पुरत्या सवलतीची मुदत उलटली. शेठनी फोन केला, मराठीत, गुजरातीत आणि मग नुसताच रडवेला. त्यांनी त्या घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुसऱ्या एका पक्क्या दाखल्याच्या संस्थेला देऊन टाकले होते, कराचं वर्ष संपत आलं होतं. मी त्यांना दोष दिला नाही. राहिलेल्या विश्वस्तांनी ठराव केला. वेगळी जागा बघू असं कुणी म्हणालं का? मी म्हटलं असतं, पण मला माणसं बोलावता येत नाहीत, मला फक्त कागद करता येतात. माणसं तुझ्यामागून यायची. अध्यक्षाच्या जागी दुसरं नाव कसं भरायचं हे कायदा सांगतो. तुझ्या जागी उंबऱ्यावर जाऊन कोण बसणार हे कुठल्याच कलमात नाही.

मग भांड्यांचा दिवस. तशाच उद्देशाची संस्था आपल्या जिल्ह्यात मला सापडली नाही. खूप शोधली. शेवटी ठाण्याच्याही पलीकडची एक मिळाली, मोठ्या इस्पितळाजवळ नातेवाइकांची सोय करणारी, चांगली, पक्क्या दाखल्याची. त्यांनी टेम्पो पाठवला.

पाड्यावरच्या बाया आदल्या दिवशीच आल्या होत्या. मला भीती वाटत होती की भांडतील, आपापली भांडी उचलतील, आणि मी काय करेन. जमना, त्यांनी एक एक भांडं बाहेर काढलं, राखेनं घासलं, उन्हात पालथं घातलं, कोरडं झाल्यावर फडक्यानं पुसलं. लग्नानंतर परत करायच्या आधी घासतात तसं. सायजूबायनं तिचं पातेलं सगळ्यांत शेवटी घासलं. मग मला विचारलं, "तिकडं, त्या गावाला, आमच्यातला कोन दुखण्याचा गेला तं त्याला यात भात रांधून मिलेल?"

मी म्हटलं, "तुमच्यातलं तिथपर्यंत कोण जाणार, सायजूबाय."

"ता पन खरा," ती म्हणाली. आणि पातेलं स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं. त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव ठोकलेलं आहे. तिथल्या लोकांना ते कुणाचं नाव आहे हे कळायचं कारण नाही.

तुझी परातही गेली. पितळेची. ती ठेवून घ्यावी असं माझ्या मनात आलं होतं, इतकं आलं होतं की मी तिला हात लावून उभी राहिले. पण कलम मीच लिहिलेलं. सभासदांत वाटली जाणार नाही. मी हात काढून घेतला. तू असतीस तर पुन्हा पेन घेऊन सगळं आडवं खोडून टाकलं असतंस आणि आपण पुन्हा भांडलो असतो. भांडायला सुद्धा आता कुणी नाही मला.

टेम्पो गेला. बाया तलासरीच्या गाडीला गेल्या. मी दाराला कुलूप लावलं, पाटी काढायला माणूस उद्या यायचा होता. पायरी उतरत होते तेवढ्यात एक माणूस आला, डोंगरातलाच, खांद्यावर तांदळाची पिशवी, मागे एक म्हातारी आणि दोन पोरं. त्याच्या बायकोला दवाखान्यात आत घेतलं होतं. म्हणाला, "बाय, इथं रांधायला भांडा मिलतो असा सांगितला. एक पातेला देशील?"

मी त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं. एटी-जी, बारा-ए, कलम. काय सांगणार? "इथंच थांब," म्हटलं. रिक्षानं सरावलीला घरी गेले, माझ्या ओट्यावरचं खिचडीचं पातेलं आणि त्याचं झाकण घेतलं, तीच रिक्षा परत आणली. तोवर त्यानं भिंतीला लागून तीन दगड मांडले होते. म्हातारी काटक्या गोळा करत होती. पातेलं त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, फिरवून बघितलं, बहुतेक नाव शोधत होता. माझ्या पातेल्यावर नाव नाही.

"बाय, परत कुठं आनून देऊ?" त्यानं विचारलं.

आणि जमना, सवयीनं माझं बोट पडवीकडे गेलं.

त्यानं कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाला, आणि चूल पेटवायला बसला.